हजाराचे दोन डायोड आणि खारा वारा

चौलच्या वाडीतले एक काका महिनाभरात तिसऱ्यांदा तीच झटका मशीन बगलेत मारून आले, तेव्हा मला माझीच लाज वाटली. मशीन नेहमीची. बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलर पॅनल, आत किट, म्हणजे सर्किटचा बोर्ड, आणि वाडीभोवती फिरवलेल्या तारेला सेकंदाला साधारण एक ठोका. रानडुकरं आणि माकडं यांच्या त्रासाने आमच्याकडे आता वाडीवाडीत ही मशीन दिसते.

पहिल्या खेपेला किटमधले मालिकेत, म्हणजे एकामागे एक लावलेले दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे पार्ट) शॉर्ट निघाले. ड्रॉवरमध्ये एक यूएफ४००७ पडला होता, दुसरा मिळेना, म्हणून शेजारी साधा १एन४००७ लावून दिला. दोन्ही हजार व्होल्टचे, दोन्ही एक अँपिअरचे, अंगाने सारखेच काळे, टोकाला तीच रुपेरी पट्टी. काय बिघडणार? पाच दिवसांत दोन्ही गेले. दुसऱ्या खेपेला शहाणपण सुचून दोन्ही यूएफ४००७ लावले. ते पंधरा दिवस टिकले आणि पावसाची पहिली सर येऊन गेल्यावर गेले. "अरे, तू दुरुस्त करतोस की भाड्याने देतोस?" असं काका म्हणाले, आणि त्यावर मला उत्तर नव्हतं.

मी रेवदंड्याला दुकान चालवतो. रेडिओ-टीव्हीपासून सुरुवात केली, आता इन्व्हर्टर, झटका मशीन आणि होडीवरचे चार्जर यांवर पोट आहे. तिसऱ्या खेपेला मशीन ठेवून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगतो. तुमच्या टेबलावर झटका मशीन नसेल, दुसरं काही असेल, तरी मालिकेतले डायोड सगळीकडे एकाच रीतीने मरतात.

आधी एक सक्त सूचना. या मशीनमधला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा पार्ट, साधारण ६०० व्होल्टला भरतो. २० मायक्रोफॅरडचा असला तर त्यात साडेतीन जूलच्या वर ऊर्जा असते, आणि बॅटरी काढली तरी ती तिथेच बसून राहते. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडणारे कारागीर मी पाहिलेत. तसं करू नका. १० के (म्हणजे १० हजार ओहम), १० वॉटचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा पार्ट, दोन इन्सुलेटेड वायरींना जोडून ठेवा, तो कपॅसिटरवर पाच सेकंद धरा, मग मीटर लावून खात्री करा आणि मगच बोट घाला. आणि ही मशीन बंद पडली म्हणून तारेला घरातली लाईन थेट जोडणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. त्याने माणूस मरतो.

किती व्होल्ट येतात ते आधी काढा

उलटा व्होल्टेज म्हणजे डायोड बंद असताना त्याच्या दोन टोकांत उभा राहणारा व्होल्टेज. डेटाशीटवर तो व्हीआरआरएम म्हणून दिलेला असतो, आम्ही जुने लोक त्याला पीआयव्ही म्हणतो. १एन४००१ पासून ४००७ पर्यंतची मालिका पाठ असलेली बरी: ५०, १००, २००, ४००, ६००, ८००, १०००.

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. घरातली लाईन २३० व्होल्ट, म्हणून ४०० चा ४००४ पुरेल असं वाटतं. पण २३० हा सरासरीसारखा आकडा आहे, लाटेचं टोक ३२५ ला जातं. एका डायोडने कपॅसिटर भरला की तो ३२५ ला बसून राहतो, आणि पुढच्या अर्ध्या लाटेत लाईन उलट्या बाजूला ३२५ ला जाते. डायोडच्या एका टोकाला अधिक ३२५, दुसऱ्याला उणे ३२५, म्हणजे मध्ये ६५०. रात्री दहानंतर आमच्याकडे लाईन २६० वर चढलेली मी मीटरवर पाहिली आहे. त्या हिशेबाने ७३५. इथे ४००७ च हवा.

दुकानात काम शिकायला आलेल्या एका पोराने यावर तोड काढली होती, ४००४ दोन लावू, चारशे आणि चारशे आठशे. कागदावर ७३५ पेक्षा जास्त भरतात, पण मी ते काढायला लावलं. एक ४००७ पुरत असताना दोन डायोड मालिकेत लावण्यात काहीच शहाणपण नाही. किंमतही जवळपास तीच. एका डायोडने भागत नसेल तेव्हाच मालिका करायची.

काकांच्या मशीनमध्ये खरोखरच भागत नव्हतं. फेराइटचा लहान ट्रान्सफॉर्मर, प्रायमरीला, म्हणजे बॅटरीकडच्या गुंडाळीला, दहा वेटोळे, सेकंडरीला, म्हणजे पलीकडच्या गुंडाळीला, पाचशे, म्हणजे पन्नास पट. स्विचसारखा चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर चालू असतो तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज पन्नास पट होऊन सेकंडरीला उलटा येतो, आणि पलीकडे कपॅसिटर ६०० ला भरलेला. दुपारी उन्हात पॅनल बॅटरीला १४.४ व्होल्टपर्यंत चढवतं. १४.४ गुणिले ५० म्हणजे ७२०. त्यात ६०० मिळवा. १३२० व्होल्ट. हजाराचा एक डायोड पुरणार नाही, म्हणून बनवणाऱ्याने दोन घातले. इथवर त्याचं बरोबर होतं.

लक्षात घ्या, १२ व्होल्टवर हिशेब केला असता तर १२०० आले असते. बॅटरीवर बारा लिहिलंय म्हणून बारा धरू नका, चार्जिंग चालू असतानाचा आकडा धरा.

दोन उघाड्या

आता मुख्य गोष्ट. हजाराचे दोन डायोड मालिकेत लावले म्हणजे दोन हजाराचा एक डायोड झाला, असं होत नाही. होऊ शकतं, पण आपोआप होत नाही.

माझं आजोळ खारेपाटातलं. तिथे शेताच्या बांधात उघाडी असते, म्हणजे लाकडी झापेचं दार, फक्त एकीकडे उघडणारं. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी झाप ढकलून खाडीत जातं. भरती आली की खाडीचं पाणी तीच झाप दाबून बंद करतं. डायोड शिकवायला मला याहून चांगली वस्तू सापडलेली नाही. समजा, एकाच नाल्यावर एकामागे एक दोन उघाड्या बसवल्या. भरतीचं पाणी सहा फूट चढलं. प्रत्येकीवर तीन-तीन फूट दाब येईल का?

खाडीकडची झाप थोडी गळकी असेल तर दोन झापांमधली जागा हळूहळू भरते आणि पाणी खाडीच्या पातळीला येतं. मग गळक्या झापेच्या दोन्ही बाजूंना सारखंच पाणी, तिच्यावर दाब शून्य, आणि आतली घट्ट झाप एकटी सहा फूट तोलून धरते. उलट आतली गळकी असेल तर मधली जागा रिकामी राहते आणि सगळा भार खाडीकडच्या झापेवर. थोडक्यात, जी झाप चांगली तिच्या गळ्यात सगळं ओझं. ती फुटली की गळकी काय टिकणार! मग खांड पडते आणि शेतात खारं पाणी.

डायोडचंही अगदी तसंच आहे. बंद असलेल्या डायोडमधूनही किंचित प्रवाह उलटा गळत असतो. मालिकेत असल्यामुळे दोघांतून प्रवाह एकच जाणार, म्हणून व्होल्टेज असा वाटला जातो की दोघांची गळती सारखी व्हावी. ज्याची गळती कमी त्याला जास्त व्होल्ट घ्यावे लागतात. डेटाशीटवर १एन४००७ ची गळती २५ अंश तापमानाला जास्तीत जास्त ५ मायक्रोअँपिअर आणि १०० अंशाला ५० अशी दिलेली असते. ही वरची मर्यादा आहे. एकाच पाकिटातल्या दोन डायोडच्या प्रत्यक्ष गळतीत दहा पटींचा फरक निघाला तरी कंपनीने काही खोटं सांगितलेलं नसतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मेगर, म्हणजे मोठा व्होल्टेज लावून गळती तपासणारा मीटर, घ्या, ५०० व्होल्टचा, डिजिटल. त्यातून येणारा प्रवाह एक-दोन मिलिअँपिअरलाच अडतो, म्हणून या कामाला तो बरा, तरी टोकांना हात लावू नका. दोन ४००७ मालिकेत जोडा, मेगरची अधिक वायर रुपेरी पट्टीच्या टोकाला, म्हणजे दोन्ही उलटे. मेगर चालू. आता साधा मल्टिमीटर एका डायोडवर धरा. माझ्या मीटरने एखादा व्होल्ट दाखवला. दुसऱ्यावर धरला, तिथेही एखादाच. दोन्हींच्या बाहेरच्या टोकांवर धरला, तर पाचशे. मग पाचशे गेले कुठे? पोरगा चक्रावला.

गेले कुठेच नाहीत. डिजिटल मीटर स्वतः १० मेगओहमचा, म्हणजे एक कोटी ओहमचा, रेझिस्टर असतो. ज्या डायोडवर तो धरला त्याच्या शेजारी आपण १० मेगओहमची वाट उघडून दिली. डायोडच्या स्वतःच्या गळतीपुढे ही वाट म्हणजे राजमार्ग. त्यामुळे मीटरखालचा डायोड रिकामा होतो आणि सगळे पाचशे दुसऱ्यावर जातात. मोजायला जाल तिथलं ओझं पलीकडे पळतं. ४००७ हजाराचा असल्याने इथे काही बिघडलं नाही, पण चालू मशीनमध्ये, १३२० व्होल्टवर, एका डायोडवर मीटर धरून बघायची हौस केली असती तर दुसरा तिथेच उडाला असता. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे किती डायोड वाचले असते, कोण जाणे.

रेझिस्टर कुठला लावायचा

उपाय जुना आहे. प्रत्येक डायोडच्या समांतर एकसारखा रेझिस्टर लावायचा. रेझिस्टरमधून जाणारा प्रवाह डायोडच्या गळतीपेक्षा बराच जास्त ठेवला की वाटणी रेझिस्टर ठरवतो, डायोडला विचारायची गरज राहत नाही. झापांच्या भाषेत, दोन्ही झापांना मुद्दाम सारख्या मापाचं भोक पाडायचं.

गणित असं. हजाराच्या डायोडला आठशेच्या वर न्यायचं नाही, हा माझा नियम. दोघांचे सोळाशे. प्रत्यक्षात येतात १३२०. शिल्लक २८०. या शिलकेला दोन डायोडच्या गळतीतल्या फरकाने भागायचं. गरम डायोडचा वाईटात वाईट फरक मी ५० मायक्रोअँपिअर धरतो, म्हणजे एक पूर्ण गळका आणि दुसरा बिलकूल न गळणारा. उत्तर ५.६ मेगओहम. याहून मोठा रेझिस्टर नको. डायोड तीन असतील तर भागताना फरकाला दोनाने गुणायचं, चार असतील तर तिनाने, कारण एक सोडून बाकी सगळे गळके निघाले तर काय, हे धरून चालायचं. हौशी रेडिओवाल्यांचा जुना ठोकताळा याहून सोपा आहे, पीआयव्हीच्या दर व्होल्टला ५०० ओहम, म्हणजे हजाराच्या डायोडला ४७० के. तो सुरक्षित आहे, पण बॅटरीवरच्या मशीनला जड पडतो. मी १ मेगओहम धरला. का, ते खारेपणाच्या भागात येईल.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. रेझिस्टर निवडताना सगळे ओहम आणि वॉट बघतात. रेझिस्टरलाही व्होल्टेजची मर्यादा असते. पाव वॉटचा साधा कार्बन फिल्म रेझिस्टर साधारण २५० व्होल्टचा, अर्ध्या वॉटचा ३५० चा. १ मेगओहमचा एकच पाव वॉटचा रेझिस्टर ६६० व्होल्टवर लावला तर वॉटचा हिशेबच आधी चुकतो, आणि व्होल्टेजने तो हळूहळू किंमत बदलतो, एक दिवस ओपन होतो. मग ज्याच्यासाठी लावला तेच उलटं होतं, एका बाजूला रेझिस्टर आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. मी ३३० के, अर्धा वॉटचे तीन-तीन रेझिस्टर ओळीने जोडून प्रत्येक डायोडवर घातले. तिघांची मिळून सोसण्याची ताकद १०५० व्होल्ट, किंमत ९९० के. बॅटरीवर याचा भार सरासरी अर्ध्या वॉटच्या आसपास येतो, तेवढा सोसायचा.

रेझिस्टर लावल्यावर मेगरचा तोच प्रयोग परत केला. आता मीटरवर २३८ व्होल्ट. अडीचशे का नाहीत? कारण मीटरचे १० मेगओहम तिथे आहेतच, पण आता ते १ मेगओहमच्या शेजारी बसलेत, त्यांचा तेवढासा जोर चालत नाही. दुसऱ्या डायोडवरही २३८. एवढा आकडा आला की वाटणी बसली असं समजायचं.

पहिल्या खेपेची चूक

रेझिस्टर ही झाली स्थिर वाटणी. पण माझे यूएफ४००७ आणि १एन४००७ पाच दिवसांत का गेले, त्याचं कारण वेगळं.

डायोड बंद होतो तो दार आपटल्यासारखा लगेच नाही. प्रवाह वाहत असताना आत जो विद्युतभार साठलेला असतो तो आधी उपसला जावा लागतो, आणि तोवर डायोड उलट दिशेलाही बिनदिक्कत वाहू देतो. यूएफ४००७ हे काम ७५ नॅनोसेकंदांत उरकतो. साधा ४००७ पन्नास सायकलच्या लाईनसाठी बनवलेला, त्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. दोघे मालिकेत. यूएफने झाप लावली, ४००७ अजून चिखलात अडकलेल्या झापेसारखा अर्धा उघडा. तेवढ्या वेळात पूर्ण १३२० व्होल्ट एकट्या यूएफवर. हे सेकंदाला हजारो वेळा. यूएफ शॉर्ट झाला, मग सगळं ४००७ वर आलं, आणि तोही गेला. म्हणजे जो जास्त चांगला डायोड होता तोच आधी मेला.

म्हणून मालिकेत एकच नंबर, एकच कंपनी, आणि शक्यतो टेपवरच्या पट्टीतले शेजारशेजारचे डायोड. पट्टी कापतानाच जोडी वेगळी काढून ठेवा. एक गेला तर दोन्ही बदला, जुन्याशी नवा जुंपू नका.

जुन्या पुस्तकांत प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही लावायला सांगितलेला असतो, याच झाप-लागण्याच्या फरकावर उपाय म्हणून. पन्नास सायकलच्या लाईनवर तो बरोबर आहे, डायोडच्या रेटिंगपेक्षा जास्त व्होल्टचा सिरॅमिक घ्या. पण डोळे मिटून तो झटका मशीनच्या किटमध्ये घालू नका. दोन मालिकेत म्हणजे ५ नॅनोफॅरड, १३२० व्होल्टला भरायला ४.४ मिलिजूल, आणि किट सेकंदाला वीस हजार वेळा चालत असेल तर नुसतं हे भरणं-उपसणं ८७ वॉटच्या हिशेबाला जातं. त्या बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेवढा जीवच नसतो. अशा ठिकाणी एकाच पट्टीतले वेगवान डायोड पुरतात, फार तर ४७ पिकोफॅरड, २ केव्हीचा.

पैसे टाकायची तयारी असेल तर ॲव्हलांच रेटिंगचे डायोड घ्या, बीवायव्ही२६ई सारखे, काचेच्या मण्यासारखे दिसणारे. यातला एखादा आपल्या मर्यादेवर गेला तर मरत नाही, थोडा प्रवाह सोडून व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि उरलेलं शेजाऱ्याला उचलावं लागतं. ते आमच्या बाजारात मिळत नाहीत, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जावं लागतं. पावसात मांडव्याच्या लाँच बंद, म्हणजे एसटीने पनवेलला वळसा. त्या दोन मण्यांसाठी अख्खा दिवस. मी उन्हाळ्यातच आणून ठेवतो.

खारा वारा

आता दुसरी खेप. दोन्ही यूएफ४००७, एकाच पट्टीतले, तरी पहिल्या सरीनंतर गेले. ही गोष्ट डेटाशीटमध्ये सापडत नाही, ती इथल्या हवेत असते.

किट भिंगाखाली धरला. वायर आत येण्याच्या भोकाजवळच्या डायोडखाली बोर्डवर पांढुरका थर, बोट फिरवलं तर चिकट. जिभेला लावून बघायची गरज नव्हती. समुद्रावरचा वारा मीठ आणून टाकतो. उन्हाळ्यात ते कोरडं असतं, काही करत नाही. पावसाळी हवेत ते पाणी ओढतं आणि बोर्डवर वाट तयार होते. दोन्ही डायोड काढले, ट्रान्सफॉर्मरचं टोक आणि शेजारचे पार्ट सोडवले आणि रिकाम्या बोर्डच्या भोकांवर मेगर लावला. दुसऱ्या डायोडच्या जागी मेगर वरच्या टोकाला जाऊन थांबला, म्हणजे तिथे गळती नाही. भोकाजवळच्या जागी दोन मेगओहम.

दोन मेगओहमची वाट म्हणजे गळकी झाप. भोकाजवळचा डायोड आरामात, पलीकडच्यावर जवळजवळ सगळे १३२०. आता मघाचा १ मेगओहमचा निर्णय बघा. मिठाचे दोन मेगओहम एका रेझिस्टरच्या समांतर गेले की त्या बाजूला राहतात साधारण ६६७ के, दुसऱ्या बाजूला १ मेगओहम. पलीकडच्या डायोडवर ७९२ व्होल्ट. आठशेच्या आत. ५.६ मेगओहमचे लावले असते तर हेच गणित हजाराच्याही वर गेलं असतं.

पण मीठ ठेवून वरून रेझिस्टर लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली. आधी धुवा. आणि इथे बहुतेक कारागीर चुकतात. थिनर, पेट्रोल किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) यांनी बोर्ड पुसतात, तो चकाचक दिसतो, सोल्डरिंगचा फ्लक्स निघतो, मीठ मात्र तिथेच. मीठ पाण्यात विरघळतं, स्पिरिटात नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंनी घासा, दोनदा धुवा. रिले (विजेने चालणारा स्विच) आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात पाणी जाऊ देऊ नका, आधी काढता आले तर उत्तम. त्यानंतर आयपीए, ते पाणी हुसकून लावायला. मग वाळवणं. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही, म्हणून माझ्याकडे पत्र्याचा डबा आहे, आत ६० वॉटचा पिवळा बल्ब. रात्रभर त्यात. सकाळी परत मेगर, आणि दोन्ही जागी सारखा आकडा येईपर्यंत पुढे जायचं नाही. त्या जागी या वेळी मेगर वर जाऊन थांबला.

मग डायोड बसवले, बोर्डपासून थोडे उचलून, रेझिस्टरच्या साखळ्या एकमेकींपासून लांब. सोल्डरचे काटे राहू दिले नाहीत. शेवटी ॲक्रिलिक कोटिंगचा स्प्रे, दोन हात, कनेक्टरवर टेप चिकटवून. ओलसर बोर्डवर कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते, म्हणून मेगर आधी, स्प्रे नंतर. आणि काकांना सांगितलं, पेटी उलटी टांगा. वायरींचं तोंड खाली.

ट्रान्झिस्टर आला की आकडे फसवतात

डायोड आणि ट्रान्झिस्टर मालिकेत असतात तेव्हा वेगळीच गंमत. होड्यांवरच्या किटमध्ये हे रोज दिसतं.

ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात, म्हणून त्याला एक उलटा व्होल्टेज नसतो, तीन असतात. बीसी५४७ घ्या. कलेक्टर-एमिटर ४५, कलेक्टर-बेस ५०, आणि बेस-एमिटर उलटा फक्त ६. सगळ्यांच्या डोक्यात ४५ असतो. होडीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा ऑटो किट माझ्याकडे जळून येतो तो याच सहामुळे. बॅटरी बदलताना वायरी उलट्या लागतात. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणतो, बारा व्होल्टच तर उलटे गेले, पार्ट ४५ चा आहे. पण उलट्या दिशेने रिलेवरचा डायोड सरळ चालू होतो, ट्रान्झिस्टरचं कलेक्टर-बेसही सरळ चालू, आणि वाट अडवायला उरतं फक्त बेस-एमिटर, सात-आठ व्होल्टला फुटणारं. मधे अडवणारा रेझिस्टर कुठेच नाही. दोन्ही पार्ट धुरात.

उपाय म्हणजे किटच्या अधिक वायरीत मालिकेत एक १एन४००७, पट्टी किटच्या बाजूला. सरळ चालताना पाऊण व्होल्ट खातो, रिलेला फरक पडत नाही. उलटे बारा आले तर ते डायोडवरच अडतात, कारण किटमध्ये आधीच असलेले रेझिस्टर म्हणजे आपण मघाशी मुद्दाम पाडलेलं भोक, तिथे व्होल्टेज साठू शकत नाही. फक्त पंपाचा प्रवाह या डायोडमधून नेऊ नका. तो कित्येक अँपिअरचा असतो, डायोड एकचा.

हेच जिथे बेसमध्ये मालिकेत डायोड घालतात तिथे जपायला लागतं. दोन ट्रान्झिस्टरचा लुकलुकणारा दिवा बारा व्होल्टवर चालवला तर दर ठोक्याला बेस उणे अकरापर्यंत ढकलला जातो. सहाची मर्यादा, म्हणून लोक बेसला १एन४१४८ मालिकेत घालतात आणि निश्चिंत होतात. पण वाटणीचा नियम तोच आहे. बेस-एमिटरची गळती डायोडपेक्षा कमी निघाली तर आधी तेच भरतं. बेस आणि एमिटर यांच्यात १०० केचा रेझिस्टर टाका. १एन४१४८ ची गळती २० व्होल्टला जास्तीत जास्त २५ नॅनोअँपिअर, ती १०० केमधून गेली तर अडीच मिलिव्होल्ट. बाकी सगळं डायोडवर, आणि तो अकरा व्होल्टला भीक घालत नाही.

ट्रान्झिस्टरवर ट्रान्झिस्टर रचून व्होल्टेज वाढवायचं म्हणाल तर माझं मत, नको. बेस मोकळा असताना गळतीच ट्रान्झिस्टर स्वतः वाढवतो, म्हणून एमजेई१३००५ बेस मोकळा असताना ४०० चा आणि बेस नीट बंद धरला तर ७०० चा असतो. त्यात दोघांपैकी जो आधी बंद होईल त्याच्यावर सगळं. एकच मोठ्या रेटिंगचा मिळतो, तो घ्या.

परवा एक तांडेल असाच जळका पंप किट घेऊन आला. ट्रान्झिस्टर बदलला, रिलेवरचा डायोड बदलला, अधिक वायरीत ४००७ घातला आणि वर स्लीव्ह चढवली. "आता उलटी लावली तरी चालंल?" त्याने विचारलं. मी त्याच्याच हातात बॅटरीच्या वायरी दिल्या. त्याने उलट्या टेकवल्या, रिले गप्प, धूर नाही, वासही नाही. मग सुलट्या टेकवल्या आणि फ्लोट उचलला. रिलेची टिक ऐकून त्याने वायरी गुंडाळल्या आणि म्हणाला, दुसऱ्या होडीचापण किट उद्या घेऊन येतो, तो अजून जळला नाही.